एफबीए १९१४ : मोनॅकोत दुसरी आलेल्या फ्लाईंग बोटीचं मॉडेल (प्रकल्प नोंदी)

६ ऑक्टोबर

रेडिओवर उडवायचं मॉडेल ठरलं. श्नायडर ट्रॉफी या समुद्री विमानांच्या जुन्या शर्यतीतलं करायचं हे नक्की होतं पण सगळे सॉपविथ टॅब्लॉइड करतात नाहीतर थेट शेवटची निळी सुपरमरीन, आणि दोन्ही फ्लोटवाली विमानं, म्हणजे खाली तरंगायला पोकळ डबे लावलेली. मला फ्लाईंग बोट हवी होती, म्हणजे जिचं धडच होडी आहे. म्हणून १९१४ ची एफबीए, फ्रँको-ब्रिटिश एव्हिएशनची. नावात ब्रिटिश आहे ते पैशामुळे, बाकी बोट फ्रेंच, कारखाना पॅरिसजवळ आर्जांतॉयला.

थोडक्यात मागची गोष्ट लिहून ठेवतो म्हणजे पुढे सारखं सांगायला नको. जाक श्नायडर हा फ्रान्समधल्या बड्या तोफा-पोलाद घराण्यातला, बलूनवाला माणूस, १९१२ च्या डिसेंबरात त्याने समुद्री विमानांच्या शर्यतीसाठी २५,००० फ्रँकची ट्रॉफी जाहीर केली. पहिली शर्यत एप्रिल १९१३, मोनॅको, १० किलोमीटरच्या २८ फेऱ्या. मोरिस प्रेव्हो देपेर्दुसाँ विमान घेऊन जिंकला, सरासरी ताशी जेमतेम ७३.६ किमी, कारण गडी शेवटची रेषा उडत ओलांडायच्या ऐवजी पाण्यावरून चालवत ओलांडून बसला आणि पंच म्हणाले परत जा आणि नीट उडत ये. दुसरी शर्यत २० एप्रिल १९१४, तिथेच. त्यात हॉवर्ड पिक्स्टन टॅब्लॉइडवर पहिला, आणि एर्नेस्ट बुर्री नावाचा स्विस पायलट एफबीए बोटीवर दुसरा. तिसरा कोणीच नाही, बाकी कुणी शर्यत पूर्णच केली नाही.

आता खरी गंमत. पिक्स्टनचं इंजिन १०० हॉर्सपॉवरचं ग्नोम मोनोसुपाप. बुर्रीचंही १०० हॉर्सपॉवरचं ग्नोम मोनोसुपाप. इंजिन तेच, अंतर तेच, दिवस तोच. पिक्स्टनला लागले २ तास आणि वर काही सेकंद, बुर्रीला ३ तास २४ मिनिटं. हा सव्वा तासाहून जास्तीचा फरक कुठून आला हे हाताने बनवून बघायचंय, बाकी काही हेतू नाही.

९ ऑक्टोबर

कागदावर हिशोब. बुर्रीचं पेट्रोल शेवटच्या काही फेऱ्या राहिल्या असताना संपलं, तो खाली उतरला, टाकी भरली आणि परत उडाला, त्यामुळे ८२ ची सरासरी जरा अन्यायाची आहे. हवेत असताना त्याचा वेग १०५ धरू. पिक्स्टनचा १३९.७. लागणारी पॉवर साधारण वेगाच्या घनाच्या पटीत जाते. १३९.७ भागिले १०५ म्हणजे १.३३, त्याचा घन २.३५ च्या आसपास. म्हणजे एकाच वेगाला बोटीला हवेचा विरोध टॅब्लॉइडच्या सव्वादोन पटीहून जास्त. प्रोपेलरची कार्यक्षमता वगैरे सोडून दिलंय पण अंदाज यायला एवढं पुरे.

सव्वादोन पट विरोध कशाकशाचा? मोठे पंख, वरचा खालच्यापेक्षा बराच लांब, मधे तारांचं जाळं, दोन पंखांच्या मधे खांबांवर टांगलेलं इंजिन, खाली रुंद पोटाची होडी, आणि खालच्या पंखांच्या टोकांना दोन छोटे फ्लोट. टॅब्लॉइड त्यामानाने एवढंसं, मूळचं जमिनीवरचं विमान, त्याला फ्लोट नंतर जोडले. तेही कसे, तर आधी एकच फ्लोट लावला, इंग्लंडमध्ये हॅम्बलला चाचणीत विमान उलटलं, मग तोच फ्लोट उभा कापून दोन केले आणि मोनॅकोला गेले. असल्या जुगाडाने ट्रॉफी नेली हे वाचून फ्रेंचांना काय वाटलं असेल.

१३ ऑक्टोबर

स्केल १:९. वरचा पंख दीड मीटर होतो, गाडीच्या मागच्या सीटवर तिरपा मावतो, हेच खरं कारण. मूळ बोट भरलेली ९०० किलो धरली तर १:९ ला वजन ७२९ ने भागायचं, म्हणजे सव्वा किलोच्या जवळपास. १४०० ग्रॅमपर्यंत गेलं तर चालेल, त्यावर नाही.

पाण्यावरच्या वेगाचा नियम वेगळा. जहाजवाल्या फ्रूडचा, स्केलच्या वर्गमुळाने भागायचं. ९ चं वर्गमूळ ३. मूळ बोट ७० किमीला पाणी सोडत असेल तर माझी २३ च्या आसपास सोडायला हवी, आणि तेवढ्याला सोडली तर लाटा, तुषार, बसकण सगळं खऱ्यासारखं दिसेल. १:९ घेण्याचा हा फुकटचा फायदा, भागाकार तोंडी होतो.

२० ऑक्टोबर

हलचे, म्हणजे होडीसारख्या धडाचे, फॉर्मर (आडवे सांगाडे) कापले. ३ मिमी लाईटप्लाय, कील (तळाचा कणा) स्प्रूसची, बाजूंना आणि तळाला २ मिमी बाल्सा. एफबीएचा तळ जवळजवळ सपाट, नंतरच्या बोटींसारखा खोल व्ही नाही. सपाट तळ लवकर पाण्यावर चढतो पण लाटेवर उतरताना पायलटच्या मणक्याचे हाल. आणि अर्ध्याच्या जरा मागे तो पायरीसारखा कट, स्टेप. सगळं घोडं तिथेच अडतं म्हणून सावकाश लिहितो.

होडीचा तळ मागे वर वळत जातो. पाणी त्या वळणाला चिकटून वर येतं आणि होडीला खाली ओढतं. जितका वेग जास्त तितकी ओढ जास्त. इंजिन कितीही जोर लावो, शेपूट पाण्यातून सुटत नाही, नाक वर करायला जावं तर शेपूट अजून रुततं. स्टेप केली की पाणी त्या धारेवरून तुटतं, मागे हवा शिरते आणि शेपटीकडचा भाग कोरडा होतो. मग बोट फक्त पुढच्या तळाच्या थोड्याशा भागावर घसरत राहते आणि नाक हवं तसं वरखाली करता येतं. आज शाळकरी वाटतं, पण १९१२ मध्ये ही मोठी गोष्ट होती. १९१० च्या मार्चमध्ये आंरी फाब्रने मार्सेजवळच्या बेर्र खाडीतून पहिलं समुद्री विमान उडवलं त्याला फ्लोट होते, धड नव्हतं, माणूस अक्षरशः दांड्यावर बसलेला. होडीलाच पंख लावायचं काम १९१२ ला दोन ठिकाणी झालं, अमेरिकेत कर्टिसने आणि फ्रान्समध्ये फ्रान्स्वा देनो या डिझायनरने सेन नदीवर. कोण आधी यावर लोक अजून भांडतात, मला त्यात रस नाही. देनोच्या बोटी दोने-लेवेक नावाने विकल्या गेल्या आणि एफबीएचं घराणं तिथूनच येतं. कंपनी उभी केली लुई श्रेकने, सोबत नौदलाचा लेफ्टनंट ज्यां कोनो, जो १९११ मध्ये 'बोमाँ' या टोपणनावाने पॅरिस-रोम, युरोपची आणि ब्रिटनची अशा तीन मोठ्या हवाई शर्यती एकाच वर्षात जिंकून बसला होता. म्हणजे शर्यत या मंडळींच्या अंगातच होती.

माझी स्टेप : १० मिमी उंच, हलची रुंदी १५० मिमी आहे त्या मानाने ठीक. जागा गुरुत्वमध्याच्या किंचित मागे.

२७ ऑक्टोबर

दिवाळीची साफसफाई सुरू, टेबल जप्त. फक्त सर्वो (झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी) विकत आणले.

१० नोव्हेंबर

हल बंद केला. २५ ग्रॅमचं ग्लास क्लॉथ आणि इपॉक्सी, आतून पातळ इपॉक्सीचा हात. खऱ्या बोटीचा हल लाकडाचा, ॲशचा सांगाडा आणि वर प्लाय. लाकडी हलचा एक त्रास असा की लाकूड पाणी पितं, पाण्यात राहून राहून बोट जड होत जाते, आणि शर्यतीच्या बोटीला ते परवडत नाही. बाल्सा तर स्पंजच, एक खरचटा गेला की संपलं. म्हणून स्टेपच्या धारेला आणि कीलला जादा पट्टी.

१७ नोव्हेंबर

इंजिनाचा खांब. यात पूर्ण आठवडा गेला आणि का गेला ते लिहायलाच हवं.

एफबीएत इंजिन दोन पंखांच्या मधे आणि प्रोपेलर मागे तोंड करून, पुशर. पायलट पुढे, शेजारी दुसरी सीट, समोर काहीच नाही, झकास दृश्य. रोटरी इंजिन म्हणजे क्रँकशाफ्ट विमानाला घट्ट आणि सगळे नऊ सिलेंडर गरगर फिरतात, प्रोपेलर त्यांनाच जोडलेला. वंगणाला एरंडेल, कारण ते पेट्रोलमध्ये विरघळत नाही, आणि वापरलेलं तेल परत येत नाही, थेट बाहेर फेकलं जातं. टॅब्लॉइडसारख्या पुढे इंजिनवाल्या विमानात ते पायलटच्या तोंडावर. पुशरमध्ये मागे जातं. तीन तास चोवीस मिनिटं उडायचं म्हटल्यावर हा फायदा लहान नाही म्हणा.

पण इंजिन एवढं उंच का? कारण प्रोपेलर अडीच-एक मीटरचा, त्याखाली हल आहे, त्याला घासायला नको आणि पाण्याचे तुषारही लागायला नकोत. म्हणून धक्क्याची रेषा गुरुत्वमध्याच्या बरीच वर. त्याचा परिणाम, जोर वाढवला की नाक खाली. हवेत सांभाळता येतं, पण पाण्यावर वेग पकडताना नेमकं तेव्हाच नाक वर हवं असतं आणि इंजिन ते खाली दाबतं. फ्लाईंग बोटवाल्यांच्या डोक्याला हा कायमचा ताप आहे, फक्त एफबीएच्या नाही.

मॉडेलमध्ये मोटर तिरपी बसवून बघतोय. प्रोपेलर गुरुत्वमध्याच्या मागे असल्याने मोटरच्या अक्षाचं पुढचं टोक किंचित खाली ठेवलं की धक्क्याची रेषा गुरुत्वमध्याच्या जवळून जाते. पण प्रोप मागे आहे तो फार मागे नाही, त्यामुळे तीन अंश तिरपं करूनही फायदा थोडाच. बाकी रेडिओत थ्रॉटल-एलिव्हेटर मिक्स टाकणार, म्हणजे जोर वाढवला की शेपटीची झडप (एलिव्हेटर) आपोआप नाक वर करेल. बुर्रीकडे मिक्स नव्हता, त्याच्याकडे मनगट होतं.

त्याच्याकडे थ्रॉटलही म्हणावं असं नव्हतं! मोनोसुपापमध्ये नावाप्रमाणे प्रत्येक सिलेंडरला एकच व्हॉल्व्ह, मिश्रण सिलेंडरच्या बुडाशी असलेल्या भोकांतून आत येतं, आणि सावकाश चालवायची सोय जवळपास नाहीच. वेग कमी करायचा तर बटण दाबून स्पार्क तोडायचा, सोडला की परत फुल. आता हे असलं इंजिन घेऊन ब्रेक नसलेली बोट बंदरातल्या नांगरलेल्या होड्यांमधून वळवत न्यायची. शिवाय १९१४ च्या नियमात पहिल्याच फेरीत दोनदा पाण्याला टेकायचं होतं. विमान समुद्राच्या कामाचं आहे हे दाखवा मग पळवा, असा श्नायडरचा आग्रह. बोटीला हा नियम खरं तर धार्जिणा, पण दोन टेकण्यांत टॅब्लॉइडने गमावलेले काही सेकंद उरलेल्या फेऱ्यांपुढे काहीच नव्हते.

२४ नोव्हेंबर

पंखांच्या रिब कापून झाल्या. पातळ, खालून पोकळ कमान, त्या काळातल्या सगळ्या पंखांसारख्या. एलरॉन (विमान कलतं करायच्या झडपा) फक्त वरच्या पंखाला. कंटाळवाणं काम, लिहिण्यासारखं काही नाही.

१ डिसेंबर

नुसता हल पाण्यात. मामांच्या गावाजवळ पाझर तलाव आहे, सकाळी वारा नसतो. १४०० ग्रॅम होईल एवढी वाळूची पिशवी आत, मासे धरायच्या दोरीने ओढायचं आणि मधे सामान तोलायचा हुकवाला डिजिटल काटा. मामा काठावर धावत ओढणार, मी काट्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढत बाजूने धावणार. गुराखी पोरं जमा. मामा म्हणाले, "अरे होडीच ओढायची होती तर बैल आणला असता." पण धावले बिचारे.

आकडे सांगण्याइतके नेमके नाहीत पण आकार अगदी पुस्तकी. सावकाश ओढलं तर काटा हळूहळू चढतो, मग एक टेकाड येतं, नाक वर, मागे मोठी लाट, आणि त्या टेकाडापलीकडे गेलं की बोट पाण्यावर चढते आणि काटा चक्क खाली येतो. वेग वाढला आणि ओढ कमी झाली. इंजिनाचा सगळा कस या टेकाडावर लागतो, ते पार झालं की पुढे सोपं. मग स्टेपची धार मेणाने भरून गुळगुळीत केली आणि परत ओढलं. मामा दमले पण बोट चढलीच नाही, शेपूट खाली ओढून बसली. स्टेपने काय होतं ते मला खरं आज कळलं, वाचून नाही.

८ डिसेंबर

पाणी दोन्ही बाजूंनी उडून खालच्या पंखाला लागतंय, प्रोपेलरलाही लागणार. लाकडी प्रोपेलरची धार पाण्याच्या थेंबांनी खरोखर कुरतडली जाते, म्हणून पुढे त्यांना पितळी पत्रा लावायचे. मी नाकापासून स्टेपपर्यंत कडेला तिकोनी बाल्साची पट्टी चिकटवली, तुषार खाली वळतात. दिसायला थोडं स्केलबाहेर आहे, असू दे.

२२ डिसेंबर

सगळं जोडलं. तारांसाठी लवचिक काळा दोरा, खऱ्या ताणाचं काम आतल्या कार्बन नळ्यांकडे. वजन १३६० ग्रॅम बॅटरीसकट. ३ सेल २२०० ची बॅटरी नाकात, तरी २० ग्रॅम शिसं घालावं लागलं. प्रोप पुशर म्हणून बसवताना आकडे लिहिलेली बाजू पुढेच ठेवायची आणि मोटरच्या दोन वायरी अदलाबदल करून उलटी फिरवायची, नवीन लोक इथे हमखास अडकतात म्हणून लिहून ठेवलं.

हातात धरून बघितलं तर बोट पुढून छान आणि बाजूने गबाळी. शर्यतीचं विमान म्हणून कोणी ओळखणार नाही. आणि तरीही त्या दिवशी फ्रेंच बनावटीच्या विमानांत शेवटपर्यंत टिकलं ते हेच. फ्रेंचांचे खरे घोडे म्हणजे एस्पाने आणि लव्हासरची न्यूपोर, १६० हॉर्सपॉवरची दुहेरी रांगेची ग्नोम. मागच्या रांगेतल्या सिलेंडरना पुरेशी हवा मिळेना, तापून जळाले, दोघंही मधेच बाद. पिक्स्टनचंही एक सिलेंडर पंधराव्या फेरीपासून फटफटायला लागलं होतं पण त्याचा वेग फारसा पडला नाही.

५ जानेवारी

पहिली खरी धाव. मिक्सशिवाय. अर्ध्या थ्रॉटलला ठीक, पाऊण थ्रॉटलला नाक खाली आणि तलाव पंखावर. मिक्स ८ टक्के टाकला, बोट टेकाड चढली आणि मग चपटा दगड पाण्यावरून टप्पे खात जातो तशी उड्या मारायला लागली, प्रत्येक उडी आधीपेक्षा मोठी. यालाच पॉर्पॉइझिंग म्हणतात. वाऱ्याची एक झुळूक आली असती तर उताणी पडली असती, थ्रॉटल बंद केला.

कारण बहुतेक गुरुत्वमध्य आणि स्टेप यांच्यातलं अंतर. गुरुत्वमध्य स्टेपच्या फार पुढे असेल तर नाक उचलत नाही, अगदी वर असेल तर बोट तोल सापडेपर्यंत डुलत राहते. बॅटरी १५ मिमी पुढे सरकवायला जागा आहे.

१२ जानेवारी

बॅटरी पुढे, मिक्स ११ टक्के, आणि मुख्य म्हणजे टेकाड पार झालं की एलिव्हेटर सोडून द्यायचा, ओढून धरायचा नाही. तीस-चाळीस मीटरची धाव, स्टेपवर सरळ, सर्रकन, मग पाणी सुटलं. उडाली!! जीपीएस लॉगरवर पाणी सोडताना २५ किमी. फ्रूडसाहेबांनी २३ सांगितलेले.

हवेत गेल्यावर मात्र स्वभाव वेगळाच. फुल थ्रॉटलला ४८ च्या वर जाईना. याच मोटर-बॅटरीवर माझं जुनं साधं पार्क फ्लायर ७० सहज गाठतं. थ्रॉटल सोडला की लगेच खाली बसते, घसरत जाणं नाहीच, सगळा विरोध जागच्या जागी. पण उतरणं! नाक किंचित वर, पाण्याला टेकली, स्टेपवर थोडी धावली आणि थांबली. फ्लोटवालं मॉडेल उतरवताना माझा जीव टांगणीला असतो, ही बोट म्हणजे पाण्याचीच वस्तू आहे.

१९ जानेवारी

वारा ताशी १५, छोट्या लाटा, मुद्दाम उडवली. टोकाचे फ्लोट एकेक करून पाण्यात जातात आणि बोटीला सावरतात. चालते. मोनॅकोच्या बंदरात असंच काहीसं पाणी असणार.

बुर्री पेट्रोल संपल्यावर उतरला, भरलं, उडाला, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा ती फजिती वाटली होती. आता वाटतं उघड्या समुद्रावर मधेच उतरून परत उडणं हीच तर श्नायडरची मागणी होती, आणि त्या दिवशी ती खऱ्या अर्थाने पुरी केली ती दुसऱ्या नंबरने. बक्षीस वेगाला मिळालं ते बरोबरच आहे म्हणा, शर्यत ती शर्यत.

२६ जानेवारी

पुढचं घराणं शोधत बसलो रात्री. १९१४ च्या शर्यतीनंतर तीनेक महिन्यांत महायुद्ध सुरू झालं आणि या सपाट तळाच्या बोटी नौदलांनी शेकड्याने घेतल्या, फ्रेंच, ब्रिटिश, इटालियन. एकट्या इटलीत टाईप एच लायसन्सवर ९८२ बनल्या, त्यातून सेस्तो कालेंदेच्या सिआई कंपनीचे हात तयार झाले, ज्यांची सावोइया एस.१२ ही बोट १९२० ला व्हेनिसला श्नायडर जिंकली. १९२१ ला माक्कीची बोट, १९२२ ला सुपरमरीनची सी लायन २, तीही बोटच. म्हणजे सलग तीन वर्षं फ्लाईंग बोटी जिंकल्या. दरम्यान सावोइयाचा डिझायनर कोन्फ्लेन्ती फ्रान्सला कॅम्स कंपनीत गेला आणि १९२३ ला काउझला मोरिस उरेल त्याची कॅम्स ३८ बोट घेऊन उतरला, दुसऱ्याच फेरीत बाद. त्या वर्षी अमेरिकन कर्टिसने फ्लोटवर २८५ किमीची सरासरी काढली आणि त्यानंतर बोट कधीच जिंकली नाही. खांबावर टांगलेल्या इंजिनाचा विरोध तेवढ्या वेगाला कोणीच सोसू शकत नव्हतं. १९१४ ला पिक्स्टनने दाखवलेली गोष्ट, फक्त मधे युद्ध आल्याने पटायला नऊ वर्षं गेली.

२ फेब्रुवारी

उरलेली कामं : शेपटीवर शर्यतीचा नंबर, सीटवर खोटं चामडं, टोकाच्या डाव्या फ्लोटमध्ये पाणी शिरतंय तिथे सील. सेटिंग आहे तेच, मिक्स ११, मोटर ३ अंश, बॅटरी पुढच्या खाचेत. मामांना कॅम्स ३८ चा फोटो पाठवला, त्यांनी विचारलं ही ओढायला कधी आणतोस.